ढेकणाची ओळख: मॉर्टलेक १५८३ ते डीडीटी

१/८
इ. स. १५८३. टेम्सकाठच्या मॉर्टलेक गावी दोन उमराव स्त्रियांच्या अंगावर चट्टे उठले. कुठल्याशा साथीची बाधा झाली या धास्तीने त्यांनी वैद्य टॉमस पेनी यांना तातडीने बोलावले.

२/८
पेनी कीटकांचेही अभ्यासक होते. त्यांनी ढेकूण पकडून दाखवले आणि दोघींची भीती हसत हसत घालवली. ही हकिकत टॉमस मोफेट यांच्या १६३४ साली छापलेल्या लॅटिन कीटकग्रंथात नोंदली आहे.

३/८
इंग्लंडमध्ये हा जीव तेव्हा फारसा परिचित नव्हता. अन्यत्र मात्र तो पुरातन. इजिप्तमधील अमार्ना येथील कामगारवस्तीत सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या ढेकणांचे अवशेष सापडले आहेत.

४/८
पंचतंत्रातला मत्कुण राजाला चावून पलंगाच्या फटीत दडतो आणि वस्त्रातली ऊ नाहक मारली जाते. कथा नीतीची, पण निरीक्षण अचूक: ऊ कपड्यात राहते, ढेकूण लाकडाच्या सांध्यात.

५/८
१७३० साली लंडनच्या जॉन साउथॉल याने ढेकणांवर स्वतंत्र पुस्तिका काढली. १६६६ च्या आगीनंतर परदेशी लाकडातून ढेकूण आले, असा समज त्यात आहे. मॉर्टलेकची नोंद तो खोटा ठरवते.

६/८
साउथॉलने विकलेल्या ढेकूणनाशक द्रावणाचे मूळ जमैकातील एका वृद्ध कृष्णवर्णीय माणसाकडे होते, हे तो स्वतःच सांगतो. औषधाला साउथॉलचे नाव मिळाले. ज्याचे ज्ञान, तो इतिहासात निनावीच राहिला.

७/८
डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला. महायुद्धानंतर अनेक देशांत ढेकूण जवळजवळ दिसेनासे झाले. परंतु त्याच दशकाच्या अखेरीस हवाईत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले. विसाव्या शतकाच्या शेवटी ते श्रीमंत शहरांतही परतले, तेव्हा एका पिढीला त्यांची ओळखच उरली नव्हती.

८/८
केवळ चट्ट्यांवरून निदान होत नाही. काहींच्या अंगावर खूणही उमटत नाही. पुरावा अंथरुणात असतो: गादीच्या शिवणीतले काळे ठिपके, टाकलेली कात, पांढुरकी अंडी, चादरीवरचे रक्ताचे डाग, आणि सुमारे ५ मिलिमीटरचा चपटा, बिनपंखी, तांबूस कीटक. ढेकणांमुळे माणसांत रोग पसरतात, असे सिद्ध झालेले नाही. तरीही ढेकूण म्हणजे अस्वच्छता, अस्वच्छता म्हणजे गरिबी, हे समीकरण टिकून आहे. राजाच्या पलंगाने आणि मॉर्टलेकच्या उमराव घराने ते केव्हाच खोडून काढले आहे. लाजेपोटी लपवलेला ढेकूण मात्र शेजारच्या खोलीतही पोहोचतो.