शोलेचे रामगढ आणि रामनगरचा डोंगर : चित्रीकरणस्थळ कसे वाचावे

प्रास्ताविक

सुट्टीत चार जण मिळून गाडी काढायची आणि एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचे चित्रीकरण झालेले गाव पाहून यायचे, हे तुमच्यापैकी अनेकांनी केले असेल. तिथे आपण फोटो काढतो, आवडता संवाद मोठ्याने म्हणतो आणि परततो. या टिपणात तोच प्रवास आपण इतिहासाच्या नजरेने करणार आहोत. उदाहरण घेऊ १९७५ च्या ‘शोले’चे.

मी अभियांत्रिकी शिकवतो, इतिहास हा माझा पदवीचा विषय नाही. ‘शोले’तील आगगाडीवरचा हल्लासुद्धा कर्नाटकातच चित्रित झाला, असे मी वर्गात बरीच वर्षे ठोकून सांगत होतो. ते चूक होते. ती चूक सुधारताना जे हाती लागले, त्यावरून हे टिपण तयार झाले.

१. रस्ता

बंगळुरूहून म्हैसूरकडे निघाल्यावर साधारण ५० किलोमीटरवर रामनगर लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या द्रुतगती मार्गाने गेलात तर हे गाव बाजूला राहते, म्हणून जुन्या रस्त्याने जा. बिडदी मागे पडले की शेतांमधून प्रचंड गोलसर खडक वर आलेले दिसू लागतात. रामनगर रेशमाच्या कोशांच्या मोठ्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आणि पुढचे चन्नपट्टण लाकडी खेळण्यांसाठी. गावाशेजारचा डोंगर म्हणजे रामदेवर बेट्ट. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर. माथ्यावर रामाचे मंदिर आहे आणि वर जायला पायऱ्या आहेत.

इथे येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, “गब्बर कुठे बसला होता?” आपण आणखी चार प्रश्न विचारू. चित्रपट ही जागा कोणती म्हणून दाखवतो? प्रत्यक्षात इथे काय चित्रित झाले? चित्रपटाने या जागेचे काय केले? आणि चित्रपट नसता तर ही जागा कशासाठी ओळखली गेली असती?

२. पडद्यावरची जागा आणि खरी जागा

पडद्यावरचे रामगढ हे उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे, ठाकुराचे गाव आहे. डाकूंच्या चित्रपटांशी तोवर चंबळच्या घळींचे नाते जुळलेले होते. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी ती ठरलेली वाट सोडली. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी रामनगरची जागा शोधली आणि खडकांच्या पायथ्याशी रामगढ गाव उभे केले. ऑक्टोबर १९७३ मध्ये चित्रीकरण सुरू झाले. सामान आणि माणसे नेण्यासाठी महामार्गापासून चित्रीकरणाच्या जागेपर्यंत रस्ता करावा लागला.

आगगाडीचा प्रसंग मात्र मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर, पनवेलजवळ चित्रित झाला. त्याला सुमारे सात आठवडे लागले. म्हणजे रामगढ हे एका ठिकाणी नव्हतेच. कर्नाटकातले खडक आणि महाराष्ट्रातले रूळ संकलनाच्या मेजावर एकत्र आले, तेव्हा ते तयार झाले. एका चित्रपटासाठी एकच जागा असेल असे गृहीत धरू नका. माझी चूक नेमकी तिथेच झाली होती.

याच खडकांना पुढे आणखी एक नाव मिळाले. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीतल्या गुहा बिहारमधील बराबर लेण्यांवरून सुचलेल्या आहेत. ही लेणी मौर्यकालीन आहेत आणि त्यांतील काही सम्राट अशोकाने आजीवकांना दिल्याचे शिलालेख तिथे आहेत. डेव्हिड लीन यांनी १९८४ मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा गुहांचे प्रसंग रामदेवर बेट्ट आणि जवळच्या सावनदुर्ग इथे घेतले. एकच डोंगर एकदा डाकूंचा अड्डा झाला आणि एकदा बिहारची लेणी.

३. काळाची खूण

चित्रपटातले गाव खोटे असले तरी त्यामागचा काळ खरा असतो. एप्रिल १९७२ मध्ये चंबळच्या अनेक डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली होती. ‘शोले’ची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा ही घटना ताजी होती. १९५० च्या दशकात त्या भागात गब्बर नावाचा, लोकांची नाके कापणारा डाकू खरोखर होता.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेणे सेन्सॉरला मान्य झाले नाही. शेवट बदलून पुन्हा चित्रित झाला आणि गब्बर पोलिसांच्या स्वाधीन गेला. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झाला. मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत मोठ्या पडद्यावर आली ती पन्नास वर्षांनी, २०२५ मध्ये.

४. डोंगराचा स्वतःचा इतिहास

आज तिथे रामगढ शोधू नका. उभारलेले गाव चित्रीकरणानंतर काढून टाकण्यात आले. खडक तेवढे राहिले.

या खडकाला भूशास्त्रात ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात. तो सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे ४०० किलोमीटर पसरला आहे. क्लोजपेट हे रामनगरचेच जुने नाव. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर दरबारी ब्रिटिश रेसिडेंट असलेल्या बॅरी क्लोज याच्यावरून ते पडले. गावाचे नाव बदलले, दगडाचे तेच राहिले.

कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. त्यामुळे १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली आणि २०१२ मध्ये रामदेवर बेट्ट गिधाड अभयारण्य म्हणून घोषित झाले. डोंगरावर आरडाओरडा करून संवाद म्हणण्यापूर्वी हे आठवा.

५. जे नोंदवायचे राहिले

गेल्या सहलीत पायथ्याशी एक वृद्ध गृहस्थ भेटले. आमच्यातल्या एका कन्नड मुलीने त्यांचे बोलणे आम्हाला सांगितले. तरुणपणी त्यांनी चित्रीकरणाच्या गावासाठी लाकडी फळ्या वाहिल्या होत्या. रोज किती मिळे, जेवण कोण देई, गर्दीत उभे राहायला कोणाकोणाला बोलावले, हे ते सांगत होते. मुले फोटोंत गुंतली होती आणि मला उन्हाआधी वर पोहोचायची घाई होती. मी ना वही काढली, ना त्यांचे नाव विचारले.

नट, दिग्दर्शक, लेखक यांच्या आठवणी पुस्तकांत आल्या आहेत. ज्यांनी ते गाव बांधले आणि मोडले, त्यांच्याबद्दल लिहिलेले फार थोडे सापडते. १९७३ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. खडक आणखी कोट्यवधी वर्षे थांबतील, ही माणसे थांबणार नाहीत. म्हणून जाल तेव्हा कॅमेऱ्याबरोबर वही न्या.

स्वाध्याय

१. ‘स्वदेस’मधील उत्तर प्रदेशातले चरणपूर वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या घाटावर चित्रित झाले. ‘पथेर पांचाली’तील निश्चिंदिपूर कोलकात्याजवळच्या बोडाल गावात. यांपैकी एका जागेला वरील चार प्रश्न लावून पाहा.
२. तुमच्या जिल्ह्यातील एखादे चित्रीकरणस्थळ निवडा. तिथे त्या वेळी काम केलेल्या एका व्यक्तीची, तिच्या संमतीने, तिच्याच भाषेत मुलाखत नोंदवा.
३. चित्रपटाने त्या जागेला काय दिले आणि तिच्याबद्दलचे काय झाकले, ते दहा ओळींत लिहा.