तात्यांचा पाय

आमच्या पोलादपूर भागात माणसाला पडायला जागा पुष्कळ. घाट, कडे, ओढे, आणि राबाची झाडं. राबासाठी ऐनाची टाळं तोडायला माणूस वीस-पंचवीस फूट वर चढतो, पायाखाली एक फांदी आणि हातात कोयती. 1975 साली माझे चुलते, तात्या, असेच ऐनावरून पडले. मी तेव्हा नववीत होतो. गुडघ्याखालची नळी मोडून हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलेलं, आणि त्या टोकाला माती नि पालापाचोळा चिकटलेला. ती माती मला अजून दिसते.

वाडीत हाडवैद्य होता. त्याच्या हाताला गुण होता, हे मी आजही म्हणेन. मुका मार, निखळलेला खांदा, आतल्या आत मोडलेलं हाड. बांबूच्या कामट्या बांधून त्याने कितीक माणसं परत शेतावर धाडली. कातडी धड असली तर हाड सरळ धरून ठेवायचं, सांधायचं काम शरीर करतं. डॉक्टर प्लास्टर घालतात तेही त्याचसाठी. पण कातडी फाटली की दुखणं नुसतं हाडाचं राहत नाही, जखमेचं होतं. हे ना त्याला ठाऊक, ना आम्हाला. त्याने हाड आत ढकललं, वर पाल्याचा लेप दिला आणि कामट्या करकचून आवळल्या. माती आतच राहिली.

चौथ्या दिवशी वास सुटला. मग डोली. आठ जण खांदे बदलत डोंगर उतरले, तिथून महाड, महाडहून मुंबई. धनुर्वात झाला नाही हेच नशीब. पाय गुडघ्याखाली कापला.

पुढे वाचनाची गोडी लागली तेव्हा एका पुस्तकात जोसेफ लिस्टर भेटला. त्याच्या काळात विलायतेतही हाड बाहेर आलं की पाय कापायचा, नाहीतर माणूस जायचा. 1865 साली ग्लासगोच्या इस्पितळात अकरा वर्षांचा एक पोरगा आला, गाडीचं चाक पायावरून गेलेला. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक ॲसिडचं फडकं ठेवलं. जखम सडली नाही, हाड जुळलं, पोरगा चालत घरी गेला. तात्यांच्या 110 वर्षं आधीची ही गोष्ट! वाचून मी पुस्तक मिटलं आणि गोठ्यात जाऊन बसलो.

आमच्याकडे विद्या पोचली नाही असं मात्र नाही. 1976 साली बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर आले. विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी त्यावर उतार शोधला, रक्तदाबाच्या साध्या गोळीचा. मोडलेल्या पायाला तसं नवं औषध शोधायचं नव्हतंच. हवं होतं स्वच्छ पाणी, लवकर दिलेलं इंजेक्शन आणि वेळेत पोचवणारी गाडी. ती गाडी, 108 नंबरची, 2014 साली आली.

दोन वर्षांनी तात्यांच्या नातवाची मोटरसायकल महामार्गाच्या खडीवर घसरली. तीच नळी, तसंच बाहेर आलेलं हाड. वाडीतली पोरं धावली. त्यांनी हाडाला हात लावला नाही, धुतलेलं फडकं वर ठेवून रक्त दाबलं, पाय जसा होता तसा काठीला बांधला आणि बोटं उघडी ठेवली, काळीनिळी पडतात का बघायला. सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं आणि जंतू मारायचं इंजेक्शन लगेच दिलं. मग डॉक्टर सलाईनच्या बाटल्या फोडून जखमेत ओतत राहिले, आणि टाके मात्र घातले नाहीत. मला राग आला. म्हटलं, उघडंच ठेवणार का? ते म्हणाले, "आता शिवलं तर घाण आत कोंडेल." रातोरात मुंबई गाठावीच लागली, कारण हाडाचा सर्जन जवळ कुठे नव्हता. एवढं तेव्हाही तसंच होतं. तिथे पुन्हा धुतलं, पायाला बाहेरून सळ्या बसवल्या, आणि जखम चार-पाच दिवसांनी झाकली. हाड जुळायला सात-आठ महिने गेले, पण पाय राहिला.

पोरगा घरी आला तेव्हा तात्या जयपूर फूट बांधून ओटीवर बसले होते. याच पायावर त्यांनी चाळीस वर्षं चिखलात भात लावलं. सळ्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"किती बाटल्या वतल्या रं?"

"मोजल्या न्हाईत आजोबा. लय."

तात्या अंगणापलीकडच्या ओढ्याकडे बघत म्हणाले, "मला तांब्याभर पन न्हाई."