सातबाऱ्यावरून गेलेली रेल्वे

मुंबईतला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल १९६५ साली खुला झाला. त्याचे अभियंते शिरीष पटेल. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासह त्यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पटेल तिच्या नियोजनाचे प्रमुख झाले. हिशेब सरळ होता. शेतजमीन संपादित करायची, रस्ते-पाणी करून विकायची आणि वाढलेल्या भावातून पुढचे शहर बांधायचे. आम्हा माळेगावकरांना हा हिशेब समजायला नकाशा लागत नाही. उसाचे वावर गुंठ्यावर विकायला निघाले की तो समजतो.

रेल्वेही याच पैशावर आली. मानखुर्द-वाशी मार्ग १९९२ साली सुरू झाला, त्यात खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोचा. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिले. मग सकाळची गर्दी बरीच वर्षे मुंबईकडेच धावत राहिली, यात नवल ते काय?

आणि ज्यांच्या जमिनीवर हे उभे राहिले, ते? दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्या लढ्यातून विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले: शंभर गुंठ्यांमागे साडेबारा.