रक्तात आहे, मेंदूत नाही

मागच्या वेळी आम्ही लाल गोळीवर बोललो, तेव्हा एका बचत गटातून प्रश्न आला. लेकराच्या रक्तात फोलेट भरपूर आहे असं रिपोर्ट म्हणतो, तरी ते बसत नाही, झटके येतात. असं कसं?

उत्तरासाठी आधी मुंबईला जाऊ, जवळजवळ शंभर वर्षांमागं. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर तिथं आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडत होत्या, काही दगावत होत्या. तेव्हाची रक्ततपासणी म्हणजे सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहणं. या बायांच्या लाल पेशी थोड्या, पण आकारानं मोठ्या दिसत. बाकीचे डॉक्टर जंतू शोधत असतील, विल्सबाईंनी मात्र या बायांच्या ताटात काय असतं ते विचारलं. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी उंदीर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टचा एक स्वस्त अर्क, मार्माईट, देऊन पाहिला. बाया सुधारल्या. १९३१ साली त्यांनी ते छापलं. अर्कात नेमकं काय आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून नाव पडलं फोलिक ॲसिड. आपल्या लाल गोळीत लोहासोबत तेच असतं.

मग रक्तात असूनही मेंदूत का नाही? वैनगंगेचा घाट डोळ्यांसमोर आणा. धानाची पोती या काठावर रचलेली आहेत, पण पलीकडं न्यायला डोंगा लागतो. रक्तातून मेंदूकडं फोलेट नेणारा असाच एक डोंगा शरीरात असतो. काही लेकरांचं शरीर चुकून त्यालाच शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. डोंगा अडतो, पोती काठावरच राहतात. २००५ साली डॉ. रामाकर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी मेंदूत फोलेट कमी असलेली २८ लेकरं तपासली. २५ जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडं निघाली.

ती शोधणारी रक्ततपासणी आता आहे. पण ऐका, दागिना गहाण टाकून तिच्यामागं धावू नका. चांगल्या माणसांच्या रक्तातही ही प्रतिपिंडं कधी सापडतात, त्यामुळं नुसत्या तिच्यावरून आजार ठरत नाही. मेंदूत फोलेट खरंच कमी आहे का, हे पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासूनच कळतं. स्वमग्न लेकरांपैकी बऱ्याच जणांत ती आढळली आहेत, तरी ही स्वमग्नतेची तपासणी नव्हे. त्यावर संशोधन चालू आहे.

उपचार आहे. फोलिनिक ॲसिड हे फोलेटचंच दुसरं रूप, ते दुसऱ्या वाटेनंही मेंदूत शिरतं. किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. घरच्या लाल गोळ्या वाढवून हे काम होत नाही, लेकराला त्या देऊच नका. गरोदर बाईनं मात्र आपली गोळी सोडायची नाही.

नागपूरला मेडिकल किंवा मेयोत लेकरू न्याल, तेव्हा जुने सगळे कागद सोबत घ्या. झटका आला की मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि लेकरू आधी काय करायचं, काय करेनासं झालं, ते महिन्यांसकट सांगा.