सरहद्द, परमिट आणि पासपोर्ट : भारत-पाकिस्तान ये-जा कशी बंद होत गेली

मुंबई, भिवंडी, मालेगाव किंवा कोकणपट्टीतल्या अनेक मुस्लिम घरांत कराचीला गेलेल्या एखाद्या चाचांचं किंवा खालांचं नाव अजूनही निघतं. कराचीत तर कोकणी मुसलमानांची 'कोकण सोसायटी' नावाची वस्तीच आहे. शाळेत फाळणीचा धडा शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, मग ते लोक परत का नाही आले?" या प्रश्नाचं उत्तर दंगलींइतकंच कागदपत्रांच्या इतिहासातही आहे. तो इतिहास थोडक्यात आणि क्रमाने इथे मांडत आहोत.

रेघ आधी, कुंपण नंतर

रॅडक्लिफ यांनी आखलेली सीमारेषा १७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाली. पुढच्या काही महिन्यांत सव्वा ते दीड कोटी माणसं इकडून तिकडे झाली. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सुरुवातीला या सीमेवर ना पासपोर्ट होता, ना व्हिसा. कुणी नोकरीसाठी कराचीला जाई, कुणी दंगलीच्या भीतीने काही महिने नातेवाइकांकडे राही, कुणी फक्त बघून येऊ म्हणून जाई. आपण कायमचा देश बदलतोय असं त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनातही नव्हतं. मुंबईहून कराचीला बोटी जात असत आणि १९६५च्या युद्धापर्यंत हा सागरी मार्ग चालू होता. आज ३,३२३ किलोमीटर लांबीच्या या सीमेवर बहुतेक ठिकाणी कुंपण दिसतं. पंजाबात ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभं राहायला लागलं. त्याच्या चाळीस वर्षं आधी माणसांना अडवलं ते कागदांनी.

१९४८ : परमिट आलं

१९४८च्या सुरुवातीला परिस्थिती जरा निवळली, तसे पाकिस्तानात गेलेले अनेक मुसलमान घरी परतू लागले. दिल्ली आणि उत्तर प्रदेशात हे प्रमाण जास्त होतं. दरम्यान, त्यांच्या घरांत पंजाब-सिंधमधून उजाडून आलेले हिंदू आणि शीख निर्वासित राहायला आले होते. त्यांनाही जायला दुसरी जागा नव्हती. एकाच घरावर दोन दुःखी कुटुंबांचा हक्क, अशी ती अडचण होती.

यावर उपाय म्हणून भारत सरकारने जुलै १९४८ मध्ये वटहुकूम काढला. १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परमिट सक्तीचं झालं. पुढे १९४९ मध्ये त्याचा कायदा झाला. परमिटचे प्रकार होते : तात्पुरत्या भेटीचं वेगळं आणि कायम परतण्याचं वेगळं. तात्पुरतं परमिट सहज मिळे, कायमचं फार मुश्किलीने. त्यामुळे कित्येक जण आपल्याच घरी 'पाहुणे' म्हणून आले आणि मुदत संपल्यावर गुन्हेगार ठरले.

पाकिस्ताननेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपली परमिट पद्धत सुरू केली. कराचीवर निर्वासितांचा मोठा भार पडला होता आणि भारतातल्या सगळ्या मुसलमानांना सामावून घ्यायची त्या सरकारचीही तयारी नव्हती. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी लोटलं गेलं. पूर्व पाकिस्तानच्या बाजूने मात्र अजून मोकळी ये-जा होती.

घराचं काय झालं? 'कस्टोडियन'चा अर्थ

आपल्या बुजुर्गांच्या तोंडी 'कस्टोडियन' हा शब्द असे. देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता सांभाळणारा सरकारी अधिकारी, हा त्याचा मूळ अर्थ. मालक परत आला की त्याला ती मिळावी, अशी सुरुवातीची कल्पना होती. हळूहळू ही मालमत्ता निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी वापरली जाऊ लागली. १९५० साली यावर स्वतंत्र कायदा झाला. एक भाऊ कराचीला आणि दुसरा इथे, अशा घरात सामाईक वाड्यातला गेलेल्या भावाचा हिस्सा कस्टोडियनकडे जाई. इथेच राहिलेल्या भावाला मग आपला वाटा सिद्ध करत बसावं लागे.

'शत्रू मालमत्ता' हा प्रकार वेगळा आहे. तो १९६५च्या युद्धानंतरचा. १९६८च्या कायद्याने पाकिस्तानी नागरिकांची भारतातली मालमत्ता 'शत्रू मालमत्तेच्या कस्टोडियन'कडे गेली. त्याचं मुख्य कार्यालय दीर्घकाळ मुंबईतच होतं. महमुदाबादच्या राजांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली भारतीय नागरिक असलेल्या वारसाच्या बाजूने निकाल दिला. २०१७च्या दुरुस्तीने मात्र वारस भारतीय असला तरी अशा मालमत्तेवर त्याचा हक्क चालणार नाही, असं ठरलं, आणि ही तरतूद मागील तारखेपासून लागू झाली.

संविधानाने काय ठरवलं?

नागरिकत्वाची कलमं २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात आली. त्यातली दोन इथे महत्त्वाची आहेत.

- कलम ६ : पाकिस्तानातून भारतात आलेल्यांसाठी. १९ जुलै १९४८च्या आधी येऊन इथेच राहिलेला नागरिक मानला गेला. नंतर आलेल्याला नोंदणी करावी लागली.
- कलम ७ : १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेला भारताचा नागरिक मानला जाणार नाही. अपवाद फक्त कायमच्या परतीचं परमिट घेऊन आलेल्यांचा.

म्हणजे १९ जुलै १९४८ ही परमिटची तारीख थेट संविधानात गेली. संविधान सभेत कलम ७च्या अपवादावर कडक टीका झाली. परतणाऱ्या मुसलमानांना सवलत कशाला, असा टीकाकारांचा सवाल होता. पंडित नेहरूंनी या तरतुदीची बाजू घेतली आणि ती टिकली.

१९५२ : पासपोर्ट

एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत करार झाला आणि दोन्ही देशांनी अल्पसंख्याकांना संरक्षणाची हमी दिली. तरी १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांमध्ये पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. पूर्व पाकिस्तानची सीमाही यात आली. आता प्रत्येकाला एकच देश निवडणं भाग होतं. बरेच जण मयत, शादी किंवा आजारपणासाठी घरी यायचं म्हणून पाकिस्तानी पासपोर्ट घेऊन आले. प्रवासाचा कागद म्हणून घेतलेला हा पासपोर्ट पुढे त्यांच्याच विरोधात पुरावा ठरला.

न्यायालयांनी काय म्हटलं?

१९५४ साली मुंबई राज्याविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परमिट कायद्याचं कलम ७ भारतीय नागरिकांच्या बाबतीत अवैध ठरवलं. नागरिकाला बाजू मांडायची संधी न देता, नुसत्या संशयावर देशाबाहेर काढता येणार नाही, असा त्याचा अर्थ. (हे कायद्याचं कलम, संविधानाचं नव्हे.) तोवर परमिट कायदा रद्दही झाला होता, पण तत्त्व महत्त्वाचं आहे.

१९६२ साली न्यायालयाने सांगितलं की संविधानाचं कलम ७ फक्त २६ जानेवारी १९५० पूर्वी गेलेल्यांना लागू होतं. त्यानंतर गेलेल्यांचा प्रश्न १९५५च्या नागरिकत्व कायद्याने सुटेल. त्याच वर्षी दुसऱ्या निकालात, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हा त्या देशाचं नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानणारा नियम वैध ठरला. १९६५च्या निकालाने थोडा दिलासा दिला : पासपोर्ट जबरदस्तीने किंवा फसवणुकीने घ्यावा लागला, असं कुणी म्हणत असेल तर सरकारने त्याची चौकशी केली पाहिजे.

रेल्वे, वकिलात, व्हिसा

१९६५ला खोखरापार-मुनाबाव रेल्वे बंद झाली, ती २००६ला 'थार एक्स्प्रेस' म्हणून परत आली. 'समझौता एक्स्प्रेस' १९७६ला सुरू झाली. या दोन्ही गाड्या ऑगस्ट २०१९पासून बंद आहेत. मुंबईतली पाकिस्तानी आणि कराचीतली भारतीय वकिलात १९९४ला बंद झाली. तेव्हापासून व्हिसासाठी दिल्ली किंवा इस्लामाबादच्या फेऱ्या आल्या. २०१२च्या करारात ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अटारी-वाघा सीमेवरच व्हिसा द्यायचं ठरलं होतं. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवरच्या तणावामुळे ती योजना स्थगित झाली. २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद झाली आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीचे आणि राजनैतिक व्हिसा यातून वगळले गेले. तरीही त्या आठवड्यात आई एका देशाच्या पासपोर्टवर आणि लेकरं दुसऱ्या, अशी कुटुंबं अटारीला ताटकळताना सगळ्यांनी पाहिली.

समुद्रातही तीच रेघ आहे. गुजरातच्या बोटींवर काम करणारे पालघरचे खलाशी चुकून हद्द ओलांडतात आणि कराचीच्या तुरुंगात जातात. २००८च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात.

आपल्या घरांसाठी लक्षात ठेवण्यासारखं

१. लग्नाने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला भारतात सात वर्षं राहिल्यावर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. तोवर व्हिसाची मुदत सांभाळावीच लागते.

२. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघे नागरिक हवेत किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणून सुनेचा व्हिसा संपू देणं नातवंडांनाही महागात पडू शकतं.

३. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची सवलत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चनांना आहे. मुसलमानांना नाही. त्यामुळे आपल्या घरात आलेल्या सुनेला वर सांगितलेला नोंदणीचाच मार्ग आहे.

४. दादा-परदादांचे जुने दाखले, सातबारा, शाळेचा दाखला, मतदार यादीतली नोंद जपून ठेवा. १९४८ ते १९५२ या काळात कोण कुठे होतं, हे ठरवायला असे कागदच कामी येतात. घरातल्या बुजुर्गांना नावं आणि तारखा विचारून एका वहीत लिहून घ्या. ज्यांना ते आठवतं, ती माणसं आता थोडीच उरली आहेत.