‘रोजकीर्द’ : एका शब्दाखाली दोन वह्या

वाणिज्यविषयक मराठी पाठ्यग्रंथांत ‘जर्नल’ या वहीस ‘रोजकीर्द’ व ‘लेजर’ या वहीस ‘खतावणी’ हे प्रतिशब्द रूढ आहेत. ‘जर्नल’ शब्दाच्या मुळाशी दिवस आहे आणि फारसीतून आलेल्या ‘रोज’चा अर्थही दिवस असाच आहे, त्यामुळे भाषांतरकारांनी केलेली निवड स्वाभाविक होती. तथापि शब्द जुळला म्हणून वही जुळते असे नाही, आणि हा भेद न ओळखल्यास मराठेशाहीच्या अर्थव्यवहाराविषयीची अनुमाने चुकण्याचा संभव असतो.

व्हेनिसच्या ‘जोर्नाले’ या वहीचे पहिले सविस्तर छापील वर्णन लूका पाचोली या फ्रान्सिस्कन भिक्षूने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या गणितविषयक ग्रंथाच्या एका प्रकरणसमूहात आढळते. पाचोली हा द्विनोंदी पद्धतीचा जनक नव्हे. प्रोव्हान्समधील सालों येथील फारोल्फी पेढीची १२९९-१३०० ची खातेवही आणि जेनोआच्या नगरसभेचे १३४० चे हिशेब त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. व्हेनिसचा व्यापारी आंद्रेआ बार्बारिगो याची १४३० पासूनची रोजवहीही उपलब्ध आहे. पाचोलीने चालत आलेला परिपाठ लिहून काढला, आणि त्याचे खरे मोलही यातच आहे.

हा परिपाठ तीन वह्यांचा होता. पहिली टाचणवही. तीत मालक, गुमास्ता, घरातील मुले, लिहिता येत असल्यास स्त्रियाही, घडेल तो व्यवहार घडेल त्या क्रमाने, ज्या नाण्यात झाला त्या नाण्यात, घासाघीस व अटींसह उतरून ठेवीत. दुसरी रोजवही व तिसरी खातेवही. रोजवहीत प्रत्येक व्यवहाराची रक्कम एकाच चलनात आणली जाई आणि प्रत्येक नोंदीस ठरीव रूप दिले जाई : ‘पेर’ या शब्दाने देणेकरी खाते, मग दोन तिरप्या रेघा, मग ‘आ’ या शब्दाने घेणेकरी खाते. उधारीने मिरी घेतली तर ‘पेर’ मिरी, ‘आ’ विक्रेता. रोख पैसा येथे कोठेच नाही, तरी नोंद पूर्ण आहे. नोंद खातेवहीत देणे बाजूस उतरली की तिच्यावर एक रेघ व येणे बाजूस उतरली की दुसरी रेघ ओढावयाची, हा नियमही पाचोलीने सांगितला आहे. खातेवही ही यापुढील नकलेचे काम होय. कोणते खाते देणेकरी व कोणते घेणेकरी हा निर्णय रोजवहीच्या त्या एका ओळीतच होऊन जातो. मिऱ्यास माणसाप्रमाणे देणेकरी मानणे ही कल्पना आज सवयीची झाली आहे; प्रत्यक्षात ती बरीच धाडसाची होती.

मराठी कीर्दीची घडण निराळी आहे. सावकारी कीर्दीत दिवसाचा आरंभ मागील शिल्लकेने होतो. नंतर जमा, नंतर नावे अथवा खर्च, आणि अखेरीस त्या दिवसाची शिल्लक. व्हेनिसच्या रोजवहीत शिल्लक काढण्याचे कारणच नव्हते. येथे मात्र शिल्लक हाच वहीचा कणा आहे, कारण वही पेटीतील रोकडीशी ताडून पाहावयाची असते. एकीकडे खाते मध्यवर्ती, दुसरीकडे रोकड मध्यवर्ती, असा हा भेद आहे. वहीच्या शिरोभागी ईश्वराचे नाव असावे हा पाचोलीचा उपदेश आणि मराठी कागदावरील ‘श्री’ यांतील साम्य मनोरंजक खरे, परंतु त्यावरून संबंध जोडता येत नाही.

यावरून देशी पद्धत एकेरी व म्हणून अपुरी होती, असे विधान करणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या व्यवहारात रोकड हलत नाही तो या वहीत ‘जमाखर्च’ करून बसविला जाई : तीच रक्कम एकाच्या नावे व दुसऱ्याच्या खाती जमा अशी दोन्ही बाजूंस लिहावयाची, म्हणजे शिल्लक जशीच्या तशी राहते. दोन पक्ष, एक रक्कम, हे जर्नलचे तत्त्व येथे रोकडवहीच्या चौकटीतच सिद्ध होते. आजही केवळ वहीतल्या वहीत केलेल्या फिरवाफिरवीस ‘नुसता जमाखर्च’ म्हटले जाते, त्याचे मूळ या प्रथेत दिसते.

इतिहासाच्या अभ्यासकास नेमका हा जमाखर्चच अडचणीचा ठरतो. सरकाराने एखाद्या महालावर धनकोच्या नावाने वरात दिली, तर महालाकडून जमा व धनकोस खर्च अशी रक्कम दोन्हीकडे लिहिली जाऊ शकते. खजिन्यात मात्र एक रुपयाही आलेला नसतो. अशा नोंदीतील केवळ ‘जमा’ वाचून ती आवक समजल्यास राज्याची रोख ऐपत फुगलेली दिसेल. केवळ ‘खर्च’ वाचल्यास उधळपट्टीचा आरोप येईल.

पेशवे दप्तरातील रोजकीर्दीतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले वेचे विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, ते ‘रोजनिशी’ या नावाने. न्यायमूर्ती रानडे यांनी या कागदांवर १९०० साली लिहिलेल्या इंग्रजी निबंधाच्या शीर्षकातही ‘डायरी’ हाच शब्द आहे. सनदा, हुकूम, इनामे व नेमणुका यांचा मजकूर या कीर्दीत विपुल असल्यामुळे हे नाव अगदीच गैर नव्हते, आणि या निवडीवाचून पेशवाईच्या राज्यकारभाराचा अभ्यास पुढे गेलाच नसता. परंतु रोजनिशी म्हटली की वाचक घटना शोधतो, जोडीची नोंद शोधत नाही. त्यातच वेचा निवडताना ती नोंद त्या दिवसाच्या इतर रकमांपासून व शिल्लकेपासून सुटी होते. छापील पानावरची रक्कम रोकडीची की नुसत्या जमाखर्चाची, हे ठरविण्यासाठी पुणे येथील दप्तरातील मूळ मोडी रुमाल सोडून त्याच दिवसाची दुसरी बाजू पाहावी लागते.