बॅरन बेट

बॅरन बेट : अंदमान समुद्रातील निर्मनुष्य बेट व भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. उ. अ. १२° १६′, पू. रे. ९३° ५१′. व्यास सु. ३ किमी.; क्षेत्रफळ सु. ८ चौ. किमी.; सर्वोच्च उंची सु. ३५० मी. अंदमान व निकोबार केंद्रशासित प्रदेशाची राजधानी श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथून ते ईशान्येस सु. १४० किमी. अंतरावर आहे. या बेटावर मानवी वस्ती असल्याची नोंद नाही.

भूरचना : पाण्याबाहेर दिसते ते बेट म्हणजे एका मोठ्या ज्वालामुखी पर्वताचा केवळ माथा होय. या पर्वताचा पायथा सु. २,२०० मी. खोल समुद्रतळावर आहे. माथ्याचा मधला भाग पूर्वी कधीतरी खचून सु. २ किमी. रुंदीचे गोल कुंड, म्हणजे कॅल्डेरा, तयार झाले. भोवतालचे उभे कडे हे मूळ पर्वताचे अवशेष होत. कुंडाच्या मध्यभागी राख व दगडगोट्यांचा शंकू असून आधुनिक काळातील उद्रेक तेथूनच होतात. कड्यांचे कडे पश्चिमेकडे तुटलेले आहे. लाव्हा समुद्राला मिळतो तो याच खिंडारातून, आणि बेटावर उतरण्याचा मार्गही तोच. म्हणून येथे कोणी कधी उतरू शकेल, हे बऱ्याच अंशी ज्वालामुखीच ठरवतो.

बेटावरील खडक मुख्यतः बेसाल्ट व अँडेसाइट प्रकारचे आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसाल्टच. पण दोहोंची जन्मकथा वेगळी. दख्खनचे लाव्हाथर सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी खंडाच्या भूमीवर पसरले. बॅरन बेट घडले ते भारतीय भूपट्ट पूर्वेकडील बर्मा भूपट्टाखाली सरकत असल्यामुळे. खाली जाणाऱ्या खडकांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरतो, शिलारस तयार होतो आणि वर चढतो. सुमात्रापासून म्यानमारपर्यंत गेलेली ज्वालामुखींची कमान याच प्रक्रियेतून निर्माण झाली असून उत्तरेकडील नारकोंडम हे सुप्त ज्वालामुखी बेटही तिच्यात मोडते. बॅरनवरील सर्वांत जुन्या लाव्हाचे वय सु. १६ लाख वर्षे ठरविण्यात आले आहे.

उद्रेकांचा इतिहास : लेखी नोंदी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. १७८७ मध्ये कोलब्रुक या ब्रिटिश अधिकाऱ्याने जवळून जाताना शंकूतून निघणारा धूर पाहिला. १७८९ मध्ये अंदमानची पाहणी करणारा आर्चिबाल्ड ब्लेअर येथे आला, तेव्हा ज्वालामुखी धगधगत होता. तीन-चार टन वजनाचे तप्त दगड शंकूच्या पायथ्यापलीकडे फेकले गेल्याची नोंद त्याने केली. पोर्ट ब्लेअर हे नाव याच ब्लेअरवरून पडले होते. त्यानंतरही उद्रेकांच्या नोंदी अधूनमधून होत राहिल्या. १८३२ नंतर मात्र ज्वालामुखी शांत झाला.

या शांततेच्या काळातच बेटाचा पद्धतशीर अभ्यास झाला. १८७३ मध्ये भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल येथे येऊन गेले. १८८४ मध्ये हॉबडे यांनी मोजणी केली आणि १८८५ मध्ये एफ. आर. मॅलेट यांचा बॅरन व नारकोंडमवरील शोधग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. शंकूच्या माथ्यावर तेव्हा वाफ व गंधक आढळत असे आणि किनाऱ्याशी गरम पाण्याचा झरा होता. पुढच्या उद्रेकांनी काय बदलले, हे ताडण्यासाठी या पाहण्या आजही आधारभूत ठरतात.

सुमारे दीडशे वर्षांच्या विश्रांतीनंतर १९९१ मध्ये ज्वालामुखी पुन्हा जागा झाला. अनेक महिने चाललेल्या या उद्रेकात लाव्हा पश्चिमेकडील खिंडारातून समुद्रापर्यंत पोहोचला. १९९४-९५ मध्ये दुसरा उद्रेक झाला. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा-अंदमान भूकंपानंतर काही महिन्यांतच, मे २००५ मध्ये, आणखी एक सत्र सुरू झाले. तेव्हापासून कमीअधिक विरामाने राख व लाव्हा बाहेर पडत आहे. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधु संकल्प’ या जहाजावरून बेटाजवळच्या समुद्रतळाचे नमुने गोळा करीत असतानाच उद्रेक झाला. दिवसा केवळ राखेचे लोट दिसत होते. सूर्यास्तानंतर लाव्हाची लाल कारंजी व उतारावरून वाहणारे ओघ स्पष्ट झाले. सप्टेंबर २०२५ मध्येही सौम्य उद्रेकांची नोंद झाली.

जीवसृष्टी : ‘बॅरन’ या इंग्रजी नावाचा अर्थ ओसाड असला, तरी हे बेट निर्जीव नाही. लाव्हाच्या माऱ्यापासून बचावलेल्या बाह्य उतारांवर, विशेषतः पूर्व व दक्षिण बाजूंना, दाट झाडी आहे. १९९१ च्या उद्रेकाने मात्र मोठी हानी केली. १९९३ मध्ये गेलेल्या पाहणी पथकाला पूर्वी नोंदलेल्या १६ पैकी ६ जातींचेच पक्षी आढळले. त्यांत समुद्री कबुतरे सर्वाधिक होती. उंदीर व कीटकही दिसले. माणसाने एकोणिसाव्या शतकात सोडलेल्या शेळ्यांचे रानटी कळप येथे टिकून राहिले. गोड्या पाण्याच्या दुर्भिक्ष्यातही त्या तगल्या कशा, हा प्राणिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय ठरला. भोवतालच्या स्वच्छ समुद्रात प्रवाळ आहे. बेटाला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा आहे.

महत्त्व : पर्यटकांना हे बेट साधारणपणे बोटीतूनच पाहता येते, उतरण्यासाठी सरकारी परवानगी लागते. येथे वस्ती नसल्याने जीवितहानीचा धोका अल्प असला, तरी उंच उडणारी राख विमानांच्या इंजिनांना घातक असते. तिच्याविषयीचे इशारे ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील केंद्राकडून प्रसृत होतात. उपग्रह उष्णता व राख टिपतात, पण शिलारसाचे घटक कसे बदलत आहेत हे कळण्यासाठी ताज्या लाव्हाचे नमुनेच हाती यावे लागतात. पूर्वी येथील नोंदी जवळून जाणाऱ्या जहाजांवर अवलंबून होत्या व त्यामुळे त्या तुटक राहिल्या. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकत असल्यामुळे निर्माण झालेला जागृत ज्वालामुखी स्वतःच्या भूमीवर अभ्यासण्याची ही भारतातील एकमेव जागा असल्यामुळे येथे नियमित व सलग निरीक्षण होणे अत्यंत आवश्यक आहे.